तुर्की फरशीची सोयरीक

बीडमधून बाहेर पडताना रस्त्याला लागून आमचं फरशीचं दुकान आहे. पुढं एक काचेची खोली आणि मागं तारेचं कुंपण घातलेलं मोठं आवार. आवारात शहाबादी, कोटा, कडप्पा अशा फरश्या लाकडी घोड्यांना टेकवून उभ्या असतात. दुकानाचा एक नियम आहे. नवा माल उतरला की मी जाऊन त्याच्यापुढं नारळ फोडायचा, आणि तोवर त्यातली एक फरशीही गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आता दुकान मुलगा बघतो, तरी नियम तोच. गिऱ्हाइकंसुद्धा दुधाच्या पिशवीवरची तारीख बघावी तसं विचारतात, ‘आजीचा नारळ झाला का?’

हा नियम कुणा गुरुजींनी घालून दिलेला नाही. तो माझ्या वेंधळेपणातून निघाला.

तेव्हाची मी म्हणजे बघण्यासारखी चीज होते. माहेरी शेणानं सारवलेली जमीन आणि सासरी शहाबादी. त्यामुळं लग्न झाल्या दिवसापासून आपण फरशीवाल्या घराण्यातले, असा माझा तोरा. शेजारीण दारात आली की मी म्हणायचे, ‘पाय पुसून या हं, खाली फरशी हाय.’ जी वस्तू लोकांनी पाय ठेवावेत म्हणून बसवलेली असते, तिला मी लोकांच्या पायांपासून जपायचे. ती येते कुठून हे मात्र मला ठाऊक नव्हतं. भुईमुगाच्या शेंगांसारखी जमिनीतून निघत असावी, सरळ कडांची, चौकोनी, असाच काहीतरी समज. कुणी विचारलं तर ऐटीत सांगायचे, ‘कर्नाटकातून येते,’ आणि वर ‘तिकडं लई फरशी होते’ असंही जोडायचे, जणू काही तिकडं फरशीचं पीकच काढतात.

तर ह्यांनी दुकान काढलं आणि शहाबादीचा पहिला ट्रक आला. मी इरकल नेसून, नाकात नथ घालून हजर. माल उतरवणाऱ्या हमालांपुढं नथ घालून कोण जातं? मी गेले होते. कुणीतरी म्हणालं, ‘मालकीणबाई, नारळ फोडा.’ खाली दगड शोधायचं सोडून मी नारळ सरळ समोरच्या थप्पीवर हाणला. नारळ शाबूत राहिला आणि वरच्या फरशीचे दोन तुकडे झाले. हमाल दुसरीकडं बघायला लागले. मी पदर सावरला आणि म्हणाले, ‘कच्चा माल आधीच कळला, बरं झालं.’ कच्चं काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो सगळा ट्रक विकला गेला. ह्यांच्या मनानं घेतलं की हिचा हात लाभतो. पुढच्या ट्रकला त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, फक्त नारळ फोडायला खाली एक काळा दगड ठेवला. ह्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो दगड आहे, मी आहे, नियम आहे.

माझी नात, म्हणजे या मुलाचीच मुलगी, पुण्यात नोकरी करते. आजोबांचा धंदा फरशीचा, बापाचा फरशीचा, आणि ही इतकं शिकून पुन्हा दगडातच गेली, म्हणून आधी मी तिला बरंच चिडवलं. तिची कंपनी राजस्थानातला दगड परदेशात पाठवते. एका रविवारी फोनवर मी तिला विचारलं, ‘तू नेमकं करतेस काय गं?’

‘आज्जी, आपला दगड तिकडं लोकांच्या अंगणात बसतो. ते विचारतात, हा काढला कुणी. खाणीत लहान पोरं कामाला नाहीत ना, कापताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये म्हणून पाणी मारतात का, बायांना गड्यांएवढी मजुरी देतात का. मी जाऊन बघून येते.’

‘आणि तुला खरं सांगतात?’

‘लगेच कुठं सांगतात. आधी चहा पाजतात, मग चांगली बाजू दाखवतात. मी चहा पिते आणि मागच्या बाजूनं चक्कर मारते.’

‘मग ही सोयरीकच झाली की. पोरगी द्यायची म्हटल्यावर आम्हीपण हेच करायचो. पुढच्या दारी पोहे खायचे आणि मागच्या दारी शेजारणीला विचारायचं.’

ती हसली. म्हणाली, ‘पुढच्या वेळी साहेबांना हेच सांगते.’

फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना. आपल्याकडच्या दगडाची तिकडचे लोक एवढी विचारपूस करतात. मुलीच्या सासरची आपण करतो, म्हशीची करतो, बैलाचे तर दातसुद्धा बघतो. आणि ज्या दगडावर मी इतकी वर्षं नारळ फोडत आले, त्याचं माहेर मला ठाऊक नाही.

एवढ्यात मुलानं तुर्कस्तानचा माल आणला.

हे त्याच्या मनात बरेच दिवस होतं. आसपासच्या कुठल्याच दुकानात परदेशी फरशी नाही, आपण पहिले. त्याला गिऱ्हाईकही तसंच भेटलं. नेकनूरकडचे एक मुकादम. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. त्यांनी नवा बंगला बांधला होता. कुठल्याशा हॉटेलच्या आवारात त्यांनी हा दगड पाहिला होता, आणि उन्हातसुद्धा त्याच्यावर पाय भाजत नाहीत हे अनवाणी चालून बघितलं होतं. बंगल्याच्या अंगणात तोच हवा म्हणाले. त्यांच्या शब्दावर मुलानं बंदरावरून अख्खा ट्रक मागवला. मुकादमांच्या अंगणात तो बसला की बघणारे आणखी चारजण येतील आणि मुलाचा नवा धंदा उभा राहील. नाही बसला तर असला महागाचा माल आमच्या भागात दुसरं कुणी घेणार नव्हतं. वास्तुशांती तोंडावर आली होती. मुलगा त्या आठवड्यात जेवताना ताटाऐवजी फोनकडं बघायचा.

माल उतरल्यावर नेहमीसारखं मला नेलं. सून पूजेचं ताट घेऊन आधीच उभी होती. फरशी फिक्या सायीच्या रंगाची, आणि सगळ्या अंगाला बारीक बारीक भोकं.

‘हे रे काय?’ मी म्हटलं. ‘उंदरांनी खाल्लंय का वाटेत?’

‘आई, तो तसाच असतो. त्यासाठीच घेतात लोक.’

‘भोकांसाठी?’

सूनबाई म्हणाली, ‘आत्या, नारळ फोडा. मला पोळ्या लाटायच्यात.’

मी फरशीला हळदीकुंकू लावलं. नारळ हातात घेतला आणि विचारलं, ‘काढला कुणी हा?’

‘कुणी म्हणजे? तुर्कस्तानातून आलाय.’

‘ते झालं गाव. माणसं कोण? खाणीत पोरं तर नाहीत ना कामाला? पाणी मारतात का कापताना?’

मुलानं माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. ‘हे हिला पुण्याहून शिकवलंय,’ तो म्हणाला.

‘मग पोरगी तुझीच हाय ना?’

खरं सांगायचं तर तोवर मला जरा मजाच येत होती. वय झालं की माणसं तुम्हाला काहीही बोलू देतात, फक्त ऐकत नाहीत. माझ्या हातात नारळ होता म्हणून सगळे ऐकत होते. ही संधी सोडण्याइतकी मी शहाणी कधीच नव्हते.

मुलानं माल देणाऱ्या एजंटला फोन लावला आणि आवाज मोठा केला. एजंट मुंबईचा. मला म्हणाला, ‘माताजी, काळजीच करू नका. एकदम ए वन क्वालिटी.’

‘क्वालिटी नाही विचारत. माणसं विचारते.’

‘माणसं?’

‘दगड काढणारी.’

मग तो म्हणाला, ‘माताजी, ते आपल्यापर्यंत येत नाही. आपल्यापर्यंत फक्त कंटेनर येतो.’

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी नारळ ताटात परत ठेवला. सून म्हणाली, ‘घ्या, आता आत्यांनाच पाठवा तुर्कस्तानला. पोहे खाऊन येतील.’

तेवढ्यात मुकादमांची गाडी आत आली. पांढरे कपडे, हातात फोन, चेहरा प्रसन्न. घर बांधून झालेल्या माणसाचा असतो तसा. त्यांनी फरशीवरून हात फिरवला, चप्पल काढून एक पाय टेकवून बघितला आणि मग मला विचारलं, ‘काय आजी, नारळ झाला का?’

‘न्हाई.’

‘कावून?’

‘चौकशी चाललीय. तिकडं खाणीत लेकरं राबत्यात का, ते कुणाला सांगता येईना.’

ते मोठ्यानं हसले. मुलगाही हसला, पण त्याचं हसू ओढूनताणून आणलेलं. मग मुकादम हसायचे थांबले आणि म्हणाले, ‘आजी, ही असली चौकशी उद्या कुणी साखरंची केली, तर आपल्या जिल्ह्यानं काय करावं?’

हमालांनी हातातला माल खाली ठेवला. त्यातल्या निम्म्यांच्या घरचं कुणी ना कुणी कोयता घेऊन कारखान्यावर जातं.

मी विचारलं, ‘तुमच्या टोळीसंगं लेकरं जात्यात?’

‘जात्यात की. घरी म्हातारं माणूस असलं तर ऱ्हात्यात. नसलं तर कुणापाशी ठेवायची? मी सोता गेलतो. फडावर पाचटाच्या कोपीत वाढलो, उसाच्या मोळ्या बांधल्या. शाळा तिथंच सुटली.’ हे त्यांनी भांडण म्हणून सांगितलं नाही. कुणी गावाचा रस्ता विचारल्यावर सांगावा, तसं सांगितलं.

‘मग तुमाला तर माझ्या आधी इचारावं वाटायला पायजे.’

‘वाटून काय करू आजी? माझी वास्तुशांती हाय.’

माझ्या मस्तीतली मजा तिथं संपली. म्हणजे प्रश्न खोटा ठरला असं नाही, पण तो आता माझ्या एकटीचा राहिला नव्हता.

सूनबाईनं ताटातला नारळ उचलला. ‘मी फोडते,’ म्हणाली. ‘नाहीतरी पुढं मलाच फोडायचाय.’

मुकादमांनी हात वर केला. ‘न्हाई वहिनी. आजीचा न्हाई तर नको. उद्या पावणे इचारतील, आजीनं बाजूला ठिवलेला माल ह्यानं अंगणात घातला. मग म्हाताऱ्याचा पाय घसरला तरी तेच, म्हैस आटली तरी तेच.’

म्हणजे बघा. नथ घालून फरशी फोडणाऱ्या त्या येडीच्या हाताला एवढी पत आली होती, की धडधाकट माणूस तिच्या नारळाशिवाय दगड घ्यायला तयार नव्हता. तिला कुणी हे आधी सांगायला हवं होतं. नको, सांगितलं नाही तेच बरं. तिनं दुसरी नथ केली असती.

मुकादम मुलाला म्हणाले, ‘शेठ, मला शहाबादीच द्या. वेळ न्हाई.’

मुलानं मान हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘शहाबादीचं तरी तू कधी विचारलंस?’

ते त्यानं हळू म्हटलं होतं. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

‘आता विचारते. लाव फोन,’ मी म्हटलं.

शहाबादच्या खाणवाल्याशी आमची ओळख ह्यांच्या वेळेपासूनची. इतक्या वर्षांत माझा फोन त्याला कधी गेला नव्हता, त्यामुळं त्याला आधी वाटलं, घरात कुणी गेलं. तसं काही नाही म्हटल्यावर त्यानं माझा प्रश्न ऐकून घेतला. ‘अम्मा, झूठ नै बोलता,’ तो म्हणाला. ‘बच्चे आते. स्कूल छूटा तो माँ के पास आ के बैठते. हथौडा मैं हाथ में नै देता. मुँह पे बाँधने का कपडा देता हूँ, तो गले में लटका के रखते. आप आ के देखो.’

ज्यात थोडं वाईट सांगितलेलं असतं, त्या उत्तरावर माझा विश्वास बसतो. सोयरिकीच्या वेळीसुद्धा नवऱ्या मुलाला नुसतं चांगलं चांगलं म्हणणाऱ्या शेजारणीचं मी कधी खरं धरलं नाही. मी मुलाला म्हटलं, ‘दे शहाबादी. आणि दिवाळीच्या आत मला तिकडं ने.’

शहाबादी गाडीत चढली, मुकादम गेले. तुर्कस्तानचा माल कोपऱ्यात सरकवला आणि त्याच्यावर ताडपत्री टाकली.

पुढचे दिवस घरात चांगले गेले नाहीत. मुलगा माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त कामापुरतं बोलायचा. ‘गोळी घेतलीस का.’ ‘गॅस बंद कर.’ एकदा बायकोला म्हणाला, आणि मी ऐकेन इतक्या मोठ्यानं म्हणाला, ‘हौस हिची आणि माल माझा पडला.’ सून स्वयंपाकघरात मला म्हणाली, ‘आत्या, तुमचा पाहुणा काही उठेना. ताडपत्रीखाली बसलाय नुसता.’ तिला माझ्या बाजूनं बोलायचं होतं की नवऱ्याच्या, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तिलाही तेव्हा ठरवता येत नव्हतं.

नातीला फोन केला. वाटलं, ही तरी शाबासकी देईल.

‘आज्जी,’ ती म्हणाली, ‘ट्रक दारात आल्यावर कुणी विचारतं का? आम्ही माल घ्यायच्या आधी विचारतो. साखरपुडा झाल्यावर चौकशी करतात का तुमच्यात?’

हे बाकी तिनं बरोबर पकडलं. माझीच सोयरीक माझ्यावर उलटवली. तरी मी म्हटलं, ‘आता झालं ते झालं. बापाला मदत कर.’

तिनं बापाला फोनवर सगळं समजावलं, एजंटला काय विचारायचं, कुणाकडून विचारायचं. मग रोज सकाळी दुकान उघडलं की मुलाचा एजंटला फोन सुरू. पहिले काही दिवस तो पडेल आवाजात विचारायचा. नंतर त्याचं त्यालाच पटलं, की एजंट उत्तर देईना म्हणून राग आला, कुणास ठाऊक, पण आवाज चढला. ‘अहो, विकत मी घेतलाय. मला माहीत नको? परदेशातले लोक राजस्थानच्या दगडाचं विचारतात तेव्हा इथले लोक सांगतात ना? मग मला का नाही?’ मी बाहेरच्या खुर्चीत बसून ऐकायचे आणि तोंडातली सुपारी हलू द्यायचे नाही.

शेवटी एजंटनं तिकडच्या खाणीकडून फोनवर एक चित्रफीत मागवून घेतली. मुलानं घरी येऊन ती माझ्यापुढं धरली. सून पीठ मळायचं सोडून मागं येऊन उभी राहिली.

एक मोठी पत्र्याची शेड. आत करवतीचं यंत्र फिरतंय आणि त्याच्यावर पाण्याची धार चालू आहे. ‘बघ, पाणी मारतात,’ मुलगा म्हणाला. गडी होते, जवान होते, तोंडावर बांधलेलं कुणाच्या होतं, कुणाच्या नव्हतं. लेकरू कुठं दिसलं नाही. मग कॅमेरा एका बाईवर गेला. डोक्याला रुमाल, अंग भरलेलं, वय माझ्याच आसपासचं. कापलेल्या फरशीच्या कडा हातानं चाचपत होती आणि खराब निघालेली बाजूला ठेवत होती. चित्रफीत काढणारा तिला काहीतरी म्हणाला. तिनं हातातली फरशी खाली ठेवली, रुमालाचं टोक तोंडावर धरलं आणि हसली.

‘काय म्हणाला हो तो तिला?’ सुनेनं विचारलं.

मुलानं एजंटला विचारलं होतं. ‘त्यानं सांगितलं तिला, हिंदुस्थानात एक म्हातारी आहे, ती तुझी चौकशी करतेय. तुझं बरं आहे म्हटल्याशिवाय ती दगड विकू देत नाही.’

मी ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. बाई हसली म्हणजे सुखी आहे, असं मी म्हणणार नाही. फोटो काढताना मीही हसते, पाय दुखत असले तरी. या वयात ती हौसेनं येत असेल, की घरी बसून भागत नसेल म्हणून, तेही त्यात नव्हतं. मागच्या बाजूनं चक्कर मारणारं तिथं आमचं कुणी नव्हतं. जे दाखवलं ते पुढच्या दारचं होतं, एवढं मला कळतं.

‘तिला मजुरी गड्यांएवढी आहे का?’ मी विचारलं.

मुलगा चिडला नाही. ‘ते विचारलंय,’ म्हणाला. ‘अजून सांगितलेलं नाही. परत विचारतो.’

‘मिळालं की मला सांग.’

‘सांगतो. पण आई, माल किती दिवस ठेवू?’

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आमचे हे धंद्यात अडले की असेच दिसायचे. सगळं कळल्यावरच नारळ फोडायचा म्हटलं तर माझ्या हयातीत तो फुटणार नाही, आणि काहीच न विचारता फोडणारी ती पोरगी आता मला पुन्हा होता येत नाही. मधे कुठंतरी थांबावं लागतं. बरोबर जागा हीच, असं मी कुणाला छातीठोकपणे सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. हमालांनी ताडपत्री काढली, वरची धूळ झटकली. मी नारळ फोडला. एका घावात फुटला नाही, परत मारावा लागला. फरशीवर पाणी शिंपडलं, ते त्या भोकांत जिरून गेलं. सुनेनं खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांच्या हातावर ठेवले.

मुलगा तुकडा चघळत माझ्या शेजारी येऊन बसला. बऱ्याच दिवसांनी बसला.

‘पुढच्या महिन्यात राजस्थानचा माल मागवायचाय,’ तो म्हणाला. ‘पैसे भरायच्या आधी त्याचं विचारून घेतो. काय काय विचारू?’

‘पोरीला विचार,’ मी म्हटलं. ‘आणि त्यांनी चहा दिला तर पी.’